दुर्गाबाईनं लपवलेली संक्रांत

दुर्गाबाई पानस्करनं एका वर्षी अख्खी संक्रांत नवऱ्यापासून लपवून ठेवली. माणसं पैका लपवतात, दुखणं लपवतात, बायका पोटातलं पोरसुद्धा चार महिने लपवतात. पण सण लपवलेला कुणी ऐकलाय? तोही लालबागच्या चाळीत, जिथं तिसऱ्या मजल्यावर बोंबील तव्यावर पडला की तळमजल्यावरची मांजर जिना चढायला लागते.

बाई पाटणच्या खोऱ्यातल्या कडेवाडीची. ठेंगणी, काळी, हाताची पक्की आणि तोंडाची त्याहून पक्की. लग्न होऊन ह्या चाळीत आली ती अजून तिथंच आहे. नवरा विठोबाही त्याच वाडीचा, कॉटन ग्रीनच्या गोदामात माथाडी. कापसाच्या गासड्या पाठीवरनं वाहायच्या, ट्रकातनं गोदामात आणि गोदामातनं ट्रकात. संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन. दुर्गाबाई त्याला गॅलरीत उभा करून केरसुणीनं झाडायची.

"आवं हलू नगा. आदी तुमास्नी हुडकून काडती, मंग च्या देती," असं म्हणायची, आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या.

ती स्वतः भाकऱ्या विकायची. भायखळ्याच्या बाजारातनं धान्य आणून गिरणीत स्वतः उभी राहून दळून घ्यायची, कारण गिरणीवाला गव्हाच्या पाठीवर बाजरी टाकतो आणि भाकरी चिवट होते, असा तिचा कायमचा आरोप. परळ-दादरच्या ब्लॉकातल्या बायका तिच्या भाकरीच्या वाटेला डोळे लावून असायच्या. संक्रांतीचा आदला दिवस म्हणजे भोगी. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरोघर लागते, आणि ब्लॉकातल्या बायकांना ती थापता येत नाही. मग सकाळपासून हिच्या दारात रांग. शिवाजी पार्कावरची एक बाई तर ड्रायव्हरला डबा देऊन पाठवायची. दुर्गाबाई त्याला सांगायची, "तुज्या म्याडमला म्हनावं, न खाई भोगी तो सदा रोगी. आन् जी दुसऱ्याच्या हातची खाती ती अर्धी रोगी."

विठोबाच्या छातीत कापूस बसला. डॉक्टर त्याला लांबलचक इंग्रजी नाव घेतात. चाळीत कापूस बसला एवढंच म्हणतात. काम सुटल्यावर पुष्कळ वर्षं त्यानं खोकत काढली. मग जिना सुटला, मग गॅलरी सुटली, मग अंथरूण धरलं. डिसेंबरात हॉस्पिटलातनं घरी पाठवलं तेव्हा डॉक्टरनं पोराला, स्वरूपला, बाजूला घेऊन सांगितलं की आता औषध म्हणावं असं काही उरलेलं नाही, ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणा, माणूस जिद्दीवर आहे तोवर आहे.

जिद्द कशाची होती ते डॉक्टरला ठाऊक नव्हतं. दुर्गाबाईला ठाऊक होतं.

कडेवाडीच्या समोर, उगवतीला, सुळक्यांची धार आहे. तिकडं सूर्याला दिस म्हणतात. पावसाळा सरला की उगवणारा दिस त्या धारेवरनं रोज थोडा थोडा दक्षिणेला सरकत जातो. दिवस आखडतात, गुरांची कातडी खरबरीत होते, म्हातारी माणसं चुलीजवळनं उठत नाहीत. पौषाच्या सुमाराला दिस शेवटच्या सुळक्याशी येऊन अडतो. तिथं तो घोटाळतो, आडमुठा बैल ओढ्याच्या पाण्यावर घोटाळावा तसा, आणि मग मागं फिरतो. फिरला की वाडी शेण्या पेटवते आणि त्यात मूठभर तीळ टाकते. तीळ तडतडले की दिसानं ऐकलं म्हणायचं. पंचांगातली संक्रांत त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येते, पण वाडीनं कधीतरी दोन्ही एकत्र करून टाकल्या. दोनदा गूळ कुणाला परवडतो?

आणि दिस असा दक्षिणेच्या उतरणीला असताना जो मेला त्याला वरचं दार बंद. तो गावच्या बांधावर बसून राहतो. किती काळ, ते कुणी सांगत नाही. कीर्तनकार ह्याला पुराणातला दाखला देतात. वाडीला पुराण नंतर कळलं, बांध आधीपासून होता. विठोबाचा बाप मार्गशीर्षात गेला. विठोबाची आई मरेपर्यंत रोज एक भाकरी बांधावर ठेवून यायची. कुत्रं ती खायचं आणि म्हातारी म्हणायची, त्यांनी खाल्ली.

हॉस्पिटलातनं आला त्याच दिवशी विठोबानं नाकातली नळी सारखी करत विचारलं, "दुर्गे, संकरात कवा हाय?"

"येती की. का?"

"तवर मी टिकतो. मंग मला आडवू नगंस."

"आन् आदीच गेला तर?"

"आदी कसा जाईन? गावाकडं निदान बांध तरी हाय. हितं कुटं बसू? फुटपाथवर? म्युन्शिपाल्टी गाडीत घालून न्हेईल."

दोघंही हसली. हसता हसता त्याला ढास लागली आणि ओठ जांभळे पडले.

पण दुर्गाबाईनं हे मरण आधी बघितलेलं होतं. तिची चुलतसासू अशीच पौषभर नुसत्या पेजेवर टिकली. संक्रांतीला जिभेवर तीळ ठेवून घेतला, भिंतीकडं तोंड केलं, आणि दारातल्या शेण्या विझायच्या आत गेली. कडेवाडीची माणसं ठरवून मरतात. विठोबाही तसाच जाणार ह्याबद्दल तिला तिळाएवढी शंका नव्हती. मग तिनं तिचा हिशोब केला. संक्रांतीला जायचंय ना? ठीक. संक्रांत येणारच नाही.

चाळीत हे शक्य झालं ते समोरच्या टॉवरमुळं. पूर्वी पौषातला दिस सकाळी तिरपा घरात यायचा आणि उत्तरेच्या भिंतीवर, देव्हाऱ्यापाशी, उन्हाची पट्टी पडायची. जेठात तीच पट्टी समोरच्या भिंतीवर, मोरीच्या वर पडायची. विठोबाला वाडीची धार मुंबईत मिळाली नाही, तेव्हा त्यानं ह्या दोन भिंतींवर भागवलं. पट्टी देव्हाऱ्याला लागली की म्हणायचा, "आला सुळक्यावर." मग आग्नेयेला टॉवर झाला. दिवाळी सरली की दिस त्याच्या मागं जातो तो होळीपर्यंत घरात येत नाही. म्हणजे विठोबाला आता दिस बघायला बायकोच्या तोंडाशिवाय दुसरी जागा उरली नव्हती.

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. ओल आली म्हणाली. टीव्हीचं कनेक्शन काढून टाकायला लावलं. सून किर्तीनं कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर टाकलं. स्वरूप मात्र चिडला. तो लोअर परळला एका ऑफिसात, हिशेबी माणूस.

"आई, तू काय पण करतेस. बाबा काय लहान पोरगं आहे का?"

"तुजा बाप संकरातीला मरनार हाय."

"असं कोण ठरवून मरतं?"

"तुज्या घरातली सगळी. तूच तेवडा मुंबईचा झालास."

"आणि कळलं तर?"

"कसं कळंल? तू सांगितलंस तर. सांग मंग. सांग, आन् तूच खांदा दे."

स्वरूप चप्पल घालून खाली गेला.

भोगीच्या दिवशी दुर्गाबाईनं तवा ठेवलाच नाही. गिऱ्हाइकं जिन्यावरनं परत पाठवली. शिवाजी पार्काचा ड्रायव्हर डबा घेऊन उभा राहिला तर त्याला म्हणाली, "आवंदा भोगी न्हाई." तो बिचारा खाली जाऊन मॅडमला फोनवर सांगत होता, "भोगी कॅन्सल है मॅडम."

दुसऱ्या दिवशी संक्रांत. अख्ख्या चाळीत तीळ भाजले जात होते. विठोबाचा कान जड होता पण नाक शाबूत होतं. तिळाचा वास घरात यायच्या आत दुर्गाबाईनं तव्यावर सुकट टाकली. संक्रांतीच्या दिवशी, पानस्करांच्या घरात, सुकट! गॅलरीत बायका थबकल्या. विठोबा धुरानं खोकून खोकून अर्धा झाला. डोळ्यातनं पाणी गळत असताना तो म्हणाला, "आगं, मला काय सुकटीनं मारतीस का? दिस फिरंपतोर तर थांब."

तेवढ्यात किर्ती काळी साडी नेसून ऑफिसला निघाली. संक्रांतीला काळं नेसतात, तिच्या ऑफिसात सगळ्या जणी नेसून येणार होत्या, ती विसरली. विठोबानं बघितलं.

"काळी साडी कशापायी गं?"

दुर्गाबाईनं उलथनं खाली ठेवलं नाही. "तिच्या हापिसातला सायब मेला म्हनं. आजकाल मयताला काळं नेसत्यात."

"कवा मेला?"

"काल."

विठोबा चुकचुकला. "म्हंजी दिस उतरणीला असताना. आरारा. सायब आसून काय उपेग झाला?"

किर्ती दार ओलांडून गॅलरीत गेली आणि कठड्याला धरून हसली की रडली ते तिलाच सांगता आलं नाही.

दुपारी शेजारची राधाबाई तिळगुळाची थाळी घेऊन आली. मालवणची, कित्येक वर्षं विधवा, तरी कुणाच्या घरी थाळी न्यायला लाजली नाही कधी. दुर्गाबाईनं तिला दारातच अडवलं.

"आदी ताट झाका, राधाबाई."

"झाका? तिळगूळ आसा गो, चोरीचो माल नाय."

दुर्गाबाईनं हळू आवाजात सगळं सांगितलं. राधाबाईनं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "येड लागला काय तुका, वयनी? सूर्याक कोण लपयता?"

"टावरवाल्यांनी लपिवलाच हाय की. मी निस्ता वर पदर घातला."

"आणि घोवाक कित्याक बांदून घालतंस? माझो गेलो तेवा मी वाट सोडलंय. तुका घोव व्हयो काय कुकू व्हया?"

दुर्गाबाईनं थाळीतला एक लाडू उचलला, तिथंच गॅलरीत उभ्याउभ्या खाल्ला, तोंड पुसलं आणि घरात जाऊन म्हणाली, "राधाबाई आलती. मीठ मागत हुती."

आणि लपवलेली संक्रांत लागू पडली. पौष सरला, माघ आला. रोज सकाळी विठोबा विचारायचा, "दिस फिरला का?" आणि ती सांगायची, "आजून न्हाई." तो मान हलवायचा आणि पेजेचे चार चमचे गिळायचा, औषध गिळावं तसे. दम धरायला. डॉक्टर एकदा घरी येऊन बघून गेला आणि म्हणाला, कमाल आहे. दुर्गाबाई त्या दिवशी ताठ मानेनं नळावर गेली.

मग होळीच्या सुमाराला दिस टॉवरच्या अलीकडं आला आणि घरात शिरायला लागला. तिनं खिडकीवर जाड चादर ठोकली, दारावर दुसरी. टॉवरशेजारी नवीन खोदकाम सुरू झालंय, धूळ येते, म्हणाली. धूळ खरंच येत होती. म्हणून विठोबानं विश्वास ठेवला.

पण माणूस असा किती दिवस ठेवायचा असतो? त्याला आडवं पडता येईना. आडवा झाला की गुदमरायचा. म्हणून ट्रंकेवर उश्या रचून त्यावर पुढं ओणवा बसवायचा, तसाच दिवस काढायचा, तसाच डोळा लागायचा. कंबरेखाली कातडं फुटलं. दुर्गाबाई गरम पाण्यानं पुसायची तेव्हा तो ओरडायचा नाही, ओरडायला वारा कुठनं आणणार. नुसती तिच्या मनगटाला नखं रुतवायचा. चादरीमागं खोली भट्टीसारखी तापायची.

"पौषात उकडतंय कसं गं?"

"मशीन तापतंय."

"आवंदा पौष लई लांबला."

"व्हय."

वैशाखात स्वरूपनं तोंड उघडलं. रविवार होता, सगळी घरी होती. "आई, बस झालं. सोड त्यांना."

"कुटं सोडू? यष्टीत बसवू?"

"मस्करी नको. त्यांचे हाल बघवत नाहीत मला."

"मंग हापिसात जाऊन बस. तसा बी तू तितंच आस्तूस. दिसभर ह्या खोलीत मी आन् त्ये. त्ये गेल्यावर मी कुनाशी भांडू? भिंतीशी?"

"तुला भांडायला पाहिजे म्हणून त्यांनी कुजायचं?"

तिनं हातातलं पातेलं आदळलं. स्वरूप उठला, बापाजवळ गेला आणि त्याच्या कानाशी वाकून स्पष्ट बोलला, "बाबा, संक्रांत झाली. कधीच झाली. आई खोटं बोलतेय."

विठोबानं कष्टानं मान वळवली आणि बायकोकडं बघितलं. तिनं नकाराची मान हलवली. तेवढंच. विठोबा पोराकडं बघून हसला. "लेका, तुजी आय भाकरीवाली हाय. भोगी तिची कदी चुकायची न्हाई. भोगी झाली आस्ती तर घरात तीळ पडलं आस्तं." आणि त्यानं पुन्हा उशीवर डोकं टेकलं.

दुर्गाबाई त्या दिवशी जेवली नाही. खोटं पकडलं गेलं असतं तर ती भांडली असती. ते पकडलं गेलं नाही, आणि कशाच्या जोरावर गेलं नाही ते तिनं ऐकलं होतं.

जेठ लागला. एके सकाळी ती त्याच्या पाठीला तेल लावत होती. हाडं मोजून घ्यावीत अशी पाठ. ह्या पाठीवर गासड्या बसत होत्या हे आता कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. तो श्वास गोळा करत करत म्हणाला, "दुर्गे, माज्या बानं बांदावर... येवडी वाट बगितली नसंल गं."

तिचा हात थांबला. उरलेलं तेल तिनं स्वतःच्या पायाला पुसलं आणि उठली.

त्या दिवशी तिनं सामान जमवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संक्रांत घातली. जेठ महिन्यात सुगडं कुठली? परळला कुल्हडातला चहा विकणारा एक जण आहे, त्याच्याकडनं पाच कोरे कुल्हड मागून आणले. उसाच्या रसवाल्याकडनं कांड्या आणल्या. गाजर मिळालं, शेंगदाणे मिळाले. बोरं आणि हरभऱ्याचे घाटे नाही मिळाले. त्यांच्या जागी चिंचोके आणि डबल बी घातली. कुल्हडांना हळदीकुंकवाची बोटं ओढली. तीळ भाजले, गूळ चढवला. किर्ती दारात उभी राहून बघत होती. "आई, मी काही करू?" म्हणाली, तर "तुजी ती काळी साडी दे" एवढंच मिळालं. दुर्गाबाई सुनेची काळी जॉर्जेट नेसून देव्हाऱ्यासमोर बसली.

आणि मग तिनं ती चूक केली. पाटावर सुगडं मांडली, हात जोडले, आणि लक्षात आलं की संक्रांतीची सुगडं दिसाला दाखवल्याशिवाय पुजायची नसतात. तिच्या आईनं कधी पुजली नव्हती, सासूनं पुजली नव्हती. खोट्या संक्रांतीलाही तिचा हात तसा वळेना. ती उठली आणि खिडकीवरची चादर ओढून काढली.

ऊन आत आलं. चादर ठोकल्यापासून खोलीत पहिलं ऊन. ती पाठमोरी होती, सुगडं उचलून खिडकीकडं धरत होती. मग वळली, तिळाचा लाडू घेऊन त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, "घ्या. आज संकरात. फिरला दिस."

विठोबा लाडवाकडं बघतच नव्हता. तो भिंतीकडं बघत होता. देव्हाऱ्याच्या नव्हे, समोरच्या. उन्हाची पट्टी मोरीच्या वर, भांड्यांच्या फळीला लागून पडली होती.

"दुर्गे," तो म्हणाला, "ह्यो पौषाचा दिस न्हाई."

तिनं मागं वळून भिंतीकडं बघितलं.

"ह्यो जेठाचा हाय. वरच्या टोकाला."

ती खाली बसली. लाडू तिच्या मुठीत फुटला.

"संकरात कवा झाली?"

"झाली."

"कवा?"

"तुमास्नी सुकटीचा ठसका लागला त्या दिशी."

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "म्हंजी दार उगडं हुतं. आन् तू मला दारात बसवून ठिवलंस."

"म्यां म्हटलं..."

"सुटलो आस्तो गं."

एवढंच. शिवी नाही, हात उगारणं नाही, तेवढा वारा नव्हता छातीत. पण त्यानंतर विठोबा दुर्गाबाईशी बोलला नाही.

वरच्या टोकावरनं दिस पुन्हा दक्षिणेला फिरायला अजून थोडे दिवस होते. दार अजून थोडं उघडं होतं, हे त्याला बायकोपेक्षा चांगलं कळत होतं. त्यानं त्याच दिवसापासून पेज बंद केली. दुर्गाबाई वाटी घेऊन बसायची, तो तोंड फिरवायचा, ती वाटी खाली ठेवायची. आता ती अडवत नव्हती. तिनं त्याच्यासाठी खिडकी सताड उघडी ठेवली, नळी त्यानं ओढायला घेतली तर काढून ठेवली. राधाबाईनं गीतेचा अध्याय वाचला. सगळ्यांनी त्याच्या जाण्याची वाट मोकळी केली आणि तो गेला नाही. इतके दिवस टिकायला शिकवलेलं शरीर आता सांगून ऐकेना. मरायला लागतं ते बळ त्यानं जगण्यात खर्चून टाकलं होतं. शेवटी किर्तीनं ओठाला लावलेलं पाणी त्यानं गिळलं, नळी पुन्हा लावू दिली, मग पेज गिळली, आणि गिळताना त्याच्या डोळ्यातनं धार लागली.

मग आभाळ भरून आलं. पट्टी दिसेनाशी झाली. दिस वर आहे की फिरला, ते कळायला पुन्हा त्याला दुसऱ्याचं तोंड लागायला लागलं. तो किर्तीला विचारायचा. राधाबाईला विचारायचा. मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा एकदा विचारलं. दुर्गाबाईला नाही. ती चुलीशी बसून ऐकायची. आषाढ लागला तेव्हा एकदा ती न विचारता म्हणाली, "आजून वरच हाय." ते खोटं होतं. त्यानं मान किर्तीकडं वळवली. किर्ती म्हणाली, "हो बाबा, आई खरं बोलतायत." विठोबानं किर्तीच्या हातावर थोपटलं, लहान पोराला थोपटावं तसं. त्याला कळलं होतं.

श्रावणातल्या एका दुपारी तो संपायला लागला. स्वरूप घरी होता. विठोबानं त्याला खूण करून जवळ बोलावलं आणि ओठ हलवले. "दिस कुटाय?"

दुर्गाबाई मागनं स्वरूपकडं बघत होती. सांग, असं तिच्या सगळ्या तोंडावर लिहिलेलं होतं. वर आहे म्हणून सांग. स्वरूप खिडकीशी गेला. बाहेर टॉवर, त्याच्यावर ढग. तो परत आला.

"दिसत नाही, बाबा."

विठोबानं मान हलवली. थोड्या वेळानं किर्तीनं मशीन बंद केलं, कारण ते आता नुसतंच वाजत होतं.

चाळीतल्या बायका जमल्या. कुणी ऊर बडवला, कुणी दुर्गाबाईला धरायला पुढं झाल्या. रिवाजानं म्हातारी राधाबाई तिच्या बांगड्या उतरवायला बसली. दुर्गाबाईनं हात काढून घेतला. उठली, उंबऱ्याशी गेली आणि दोन्ही मनगटं एकामागून एक लाकडावर हाणली. काच गॅलरीपर्यंत उडाली.

"संकरातीलाच फुटायच्या हुत्या ह्या," ती म्हणाली. "म्यां धरून ठिवल्या."

राधाबाईनं केरसुणी घेतली आणि कुणाच्या पायाला लागू नये म्हणून काचा एका बाजूला लोटायला लागली.